माणिकआत्याचे सगळे हक्क

बोरिवली,
१२ ऑगस्ट २०२४

ती. माणिकआत्यास,
ओजसचा सा. न. वि. वि.

काल जोगेश्वरीला तुझा कॉम्प्युटर बघितला आणि चहा अर्धा टाकून निघून आलो. तुझ्याशी नजर मिळवायची हिंमत नव्हती. आजोबांच्या घरात चूक झाली की ती कागदावर लिहून द्यावी लागे, तोंडी माफीला ते सबब म्हणायचे. म्हणून हे पत्र.

वनमालामावशींचं पुस्तक गेलं ते माझ्यामुळे. दोन वर्षं दर बुधवारी तू गोरेगावला गेलीस, तुझ्या मैत्रिणीने आयुष्य सांगितलं, तू दोनशे चौदा पानं टाइप केलीस. एप्रिलमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली, म्हणजे पुन्हा सांगणं नाही. व्हायरसने फाइल कुलूपबंद केली आहे, उघडली तर नुसती निरर्थक अक्षरं दिसतात.

मी तुला आधी साधं खातं करून दिलं होतं. काही नवीन टाकायचं तर माझा पासवर्ड लागायचा. तू फोन करायचीस, मी मीटिंगमध्ये असायचो. जूनमध्ये एका दिवसात तुझे सहा फोन आले. त्या संध्याकाळी येऊन मी तुला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क देऊन टाकले. तुझ्या सोयीसाठी नाही गं, माझी कटकट जावी म्हणून. अंधेरीच्या ऑफिसात एकशेऐंशी माणसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. त्यातल्या एकालाही मी हे हक्क देत नाही, साहेब चिडले तरी नाही. घरच्या माणसाला दिले.

बॅकअपची डिस्कही तशीच जोडलेली राहिली. ती साध्या खात्यातून बदलता येत नव्हती, हक्क दिल्यावर तीही उघडी पडली. मला हे माहीत होतं आणि मी विचार केला नाही.

रागाव, पण दार बंद करू नकोस.

तुझा,
ओजस

जोगेश्वरी,
१७ ऑगस्ट २०२४

चि. ओजस यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचं आहे. सगळी चूक एकट्याने उचलून मोठा शहाणा झालास, पण माझ्या वाटणीची मला ठेव.

त्या सहा फोनांत मी काय काय बोलले ते तू लिहिलं नाहीस. माझ्याच घरात मला किल्ली नाही का, असं मी तुला विचारलं होतं. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन केलं, मंत्र्यांच्या भाषणातल्या चुका काढल्या, आणि घरचं यंत्र मला विचारतं की मोठ्या माणसाला बोलवा! माझा अपमान झाला होता रे. तू हक्क दिलेस तेव्हा मी शेजारच्या मानसीला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आता फाइल गेली त्या दिवसाचं खरं सांगते, कारण तू आलास तेव्हा सांगितलं नाही. पुस्तक मी जुन्या छापखान्याच्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. आताचा छापणारा म्हणाला, युनिकोडमध्ये द्या. दोनशे पानं पुन्हा कोण टाइप करणार? नेटवर फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं, जुना फॉन्ट एका क्षणात बदलून देणारं. पडद्यावर चौकट आली की याला कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का. मी वाचलं. न वाचता दाबलं असं म्हणणार नाही, मुद्रितशोधक आहे मी. वाचलं आणि हो म्हटलं, आणि त्यातून शिरलेल्या व्हायरसने फाइल आणि बॅकअप दोन्हींना कुलूप लावलं. साधं खातं असतं तर तुला फोन करावा लागला असता, तू नको म्हणाला असतास, मी तुझ्यावर ओरडले असते आणि पुस्तक राहिलं असतं.

वनमालाच्या मुलीला, गंधालीला, अजून सांगितलेलं नाही. आईचं पुस्तक कधी येतंय असं ती दर आठवड्याला विचारते आणि मी छापणाऱ्यावर ढकलते. खोटं बोलायची सवय नाही.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच.

आत्या

बोरिवली,
२८ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सा. न.

दोन ओळखीच्या जाणकारांना डिस्क दाखवली. दोघांनीही हात टेकले. आशा ठेव असं लिहिणार नाही.

मात्र एक सापडलं. मागच्या वर्षी अक्षरं तुटतात म्हणून तू मला सुरुवातीची अडतीस पानं मेल केली होतीस. ती माझ्या लॅपटॉपवर होती. छापून सोबत पाठवतोय. दोनशे चौदातली अडतीस, मला माहीत आहे.

तुझा कॉम्प्युटर पुसून नवा केला. तुझं खातं पुन्हा साधं ठेवू का? माझ्या मते रोजच्या वापराला कुणालाच सगळे हक्क नसावेत, मलाही नाहीत, मीसुद्धा आता साध्या खात्यात बसतो. पण या वेळी तुला विचारून करीन. आणि फोन आला तर उचलीन, मीटिंग असली तरी.

गंधालीला मी येऊन सांगू का? माझं तोंड लपवून काय होणार.

लोभ पूर्वीएवढा मागत नाही, उरला असेल तेवढा असू दे.

ओजस

जोगेश्वरी,
२५ सप्टेंबर २०२४

चि. ओजस यास,
आशीर्वाद.

साधं खातं ठेव. भांडण नाही.

गंधालीला मीच सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, आईलाही तुम्हीच सांगा. आज बुधवार, गेले. वनमाला खाटेवर टेकून बसली होती. तिला सगळं कळतं, फक्त मान हलवून हो किंवा नाही सांगते. मी सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. काय करावं सुचेना, म्हणून तुझी अडतीस पानं काढली आणि वाचायला लागले.

ओजस, तुला एक गोष्ट लिहायची आहे, ती तुझ्या चुकीहून मोठी आहे. दोन वर्षांत मी तिला एक पानसुद्धा वाचून दाखवलं नव्हतं. छापून आल्यावर दाखवू म्हणायचे. ती मालवणीत सांगायची, मी घरी येऊन शुद्ध करायचे. तिने विचारलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या पानावर लग्नानंतरची चाळीतली खोली आहे, एका खोलीत अकरा माणसं. मी वाचलं, खोलीत जागा अपुरी होती. तिने मान हलवली. नाही. मी पुन्हा वाचलं, पुन्हा नाही. शब्द बदलून बघितले, जागेची अडचण, जागेची टंचाई. नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मला वाटलं दमली, बंद करावं. तेवढ्यात ती त्या बुधवारी कशी बोलली होती ते मला तिच्या आवाजात आठवलं, आणि मी तसंच म्हटलं: माका रडाक सुदीक जागा नाय होती.

तिने मान डोलावली. मग माझा हात धरला आणि पुढे वाच म्हणून पानाकडे बघितलं.

आज तीन पानं झाली. पुढच्या बुधवारी चौथं.

आत्या