तुझ्या कानांच्या मापाचा

प्रिय साक्षी,

खोका उघडायच्या आधी हे पत्र वाच, असं सांगून काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे. तू आधी खोकाच फोडला असशील. मग आता तो डोक्यावर चढवूनच वाच. फक्त एवढं कर, कंपनीला नकार अजून कळवला नसशील तर हे पत्र संपेपर्यंत कळवू नकोस. "आई, तू रागावली असशील तर मी ही फिरतीची नोकरी घेत नाही, जळगावातच काहीतरी बघते," हा तुझा मेसेज मी इतक्यांदा वाचलाय की तो आता पाठ झालाय. त्यावर मी फक्त "थांब, पार्सल पाठवते" एवढंच लिहिलं आणि तू कपाळाला हात लावला असशील. पण मी रागावलेली नाही गं. रागावलेली आई लोणच्याची बरणी पाठवून मोकळी होते, मुलीसाठी हेडफोन शोधत आठवडाभर उन्हातान्हात फिरत नाही.

तुझा मेसेज वाचून झाल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. नागपूर, गुवाहाटी, कोची, अशी तू लिहिलेली गावं एकेक करून मनात म्हणून पाहिली. दवाखान्यांतल्या नर्सबाईंना डायलिसिसचं मशीन शिकवायला माझी मुलगी विमानाने जाणार, हे मनात घोळवताना दाळ खाली लागली. मग आठवलं, मागच्या वेळी तू आलीस तेव्हा दिवसभर कपाळाला ओढणी घट्ट बांधून पडली होतीस. रेल्वेची धडधड, हॉटेलच्या एसीची घरघर, सगळं डोक्यातच राहतं, उतरत नाही, असं म्हणाली होतीस. महिन्यातले निम्मे दिवस प्रवासात घालवायचे आणि प्रत्येक वेळी ओढणी बांधून पडायचं, हे काही बरोबर नाही. तेव्हाच ठरवलं की तुझ्या कानांची सोय आपण करायची. बाबा असते तर त्यांनी जाहिरात बघून पहिला दिसेल तो उचलून आणला असता. मी तशी नाही, हे तुला साडीच्या दुकानात पुष्कळदा भोगावं लागलंय.

गोलाणी मार्केटमध्ये पुनम नावाची मुलगी काउंटरवर होती. तिने आधी कानात खुपसायची ती बारीक बोंडं दाखवली. खिशात मावतात, दिसायला गोड, पण झोपेत मान कलली की एक बोंड पडणार आणि तू रेल्वेचा सगळा डबा शोधत बसणार. दुसरा कानावर नुसता टेकणारा होता. मी माझा वाचायचा चष्मा लावला आणि तो तसाच घालून दुकानात बसून राहिले. पुनमने चहा मागवला, माझा चहा संपेस्तोवर चष्म्याची काडी कानशिलात रुतायला लागली. तू सातवीपासून चष्मेवाली, तुला तो कसा चालायचा? तिसरा मात्र अख्खा कान पोटात घेणारा, कान आत मोकळाच राहतो. त्यातही रेक्झिनची गादी होती आणि कापडी गादी होती. रेक्झिन दिसतं भारी, पण आपल्या उन्हात त्याच्याखाली घामाची धार लागते, म्हणून कापडी. तो मुडपला की डब्याशेजारी बॅगेत बसतो, पिशवी सोबत दिली आहे, विमानातल्या पडद्याला जोडायची वायरही आहे. पुनमने चांगलं समजावलं. म्हणाली, "मावशी, हे बटण दाबलं की इंजिनची, पंख्याची घरघर जाते. पण शेजारी कोणी बोललं तर थोडं येईलच. सगळंच बंद होईल असं मी सांगणार नाही." खोटं न बोलणारी दुकानदारीण मिळाली म्हणून मी खूश झाले. घालून बघा, नाही आवडला तर बदलून देते, असंही म्हणाली.

घरी मी तो घालून भाकरी थापल्या, केस विंचरले, दुपारची आडवी झाले. प्रमिलाबाई शेजारून येऊन समोर उभ्या राहिल्या आणि हसत सुटल्या. त्या हल्ली माझ्या मागेच असतात. तुमचा कुकर शिट्ट्या मारून दमला, तुम्ही सकाळी वंदना म्हणता ती आमच्या गच्चीपर्यंत येते, असं काहीबाही सांगत असतात. मी म्हटलं, आवाज खणखणीत असायलाच हवा, आयुष्य चटईच्या कारखान्यात गेलंय. तुला आठवते ना ती शेड? तू शाळेतून यायचीस आणि दारातच थबकायचीस. आत मागांचा असा कल्लोळ की हाक मारण्यात अर्थ नसायचा. आम्ही चटईचे काठ शिवणाऱ्या बायका कानांत कापसाचे बोळे घालायचो आणि ओठांवरून बोलायचो. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून रुसली, सगळं नुसत्या ओठांनी आणि बोटांनी. तूही शिकलीस. रस्त्याच्या पलीकडून आवाज न काढता तू मला "आई, भूक" म्हणायचीस आणि मी इकडून "डबा खिडकीत" म्हणायचे. घरात आपला नियमच होता, पाठ फिरवून बोलायचं नाही. तुझ्या मैत्रिणींना वाटायचं, काय शिस्तीचं घर आहे.

मग म्हटलं, घरात काय कळणार, प्रवासातच घालून पाहू. तसंही सोनगीरला तुझ्या मामाकडे, युवराजकडे जायचं होतंच. धुळ्याच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पाळधी गेल्यावर मी ते बटण दाबलं आणि साक्षी, काय सांगू, बसची घरघर कोणीतरी अलगद उचलून बाहेर ठेवली. बस चालते आहे की तरंगते आहे, कळेना. बाहेर कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, मधेच हिरवा हरभरा, उन्हात बसलेल्या शेळ्या, सगळं मऊ मऊ होऊन मागे जात होतं. पुढच्या सीटवरच्या दोघी एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसत होत्या. एका बाळाने तोंड एवढं मोठं उघडलं होतं की त्याचे दोन नवे दात दिसत होते. आणि माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. मी मनात म्हटलं, ही पुनम वेडी आहे, तिचा माल तिच्या सांगण्यापेक्षा चांगला आहे. एरंडोल, पारोळा कधी गेलं मला समजलं नाही. मला डुलकी लागली आणि स्वप्नात तू दिसलीस. कुठली तरी रेल्वे होती, खाली नदी होती, तापीहून केवढी तरी रुंद, काठाला मी कधी न पाहिलेली झाडं. तू हाच हेडफोन घालून खिडकीला टेकून झोपली होतीस, कपाळाला ओढणी नव्हती. मी तुझ्या समोरच बसले होते आणि तुला जागं करत नव्हते. कंडक्टरने खांद्याला हात लावला तेव्हा धुळं आलेलं होतं, आणि मला त्या माणसाचा रागच आला.

बस बदलून सोनगीरला उतरले, तर युवराज स्टॉपवर आला होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "अक्का, हाई काय शे डोकावर?" मी म्हटलं, साक्षीचं शे, हात लावू नको. घरी जायच्या आधी मी त्याला तांबटांच्या गल्लीकडे वळवलं. लहानपणी मी तिथल्या ओट्यावर तासन् तास बसायचे. तांब्यावर हातोडी पडली की जो झणकारा उठायचा, तो अंगातून जायचा. नुसत्या आवाजावरून मी हंडा कुठला आणि कळशी कुठली ते सांगायचे. आता तिथे तोताराम आबा एकटेच काम करतात. मी हेडफोन लावूनच समोर उभी राहिले, मुद्दाम. हातोडी वर जात होती, खाली येत होती, आवाज नाही. मला गंमत वाटली. म्हटलं आता काढते आणि पोटभर ऐकते. काढला. हातोडी वर जात होती, खाली येत होती. काहीतरी थप थप असं येत होतं, ओल्या पिठावर हात मारल्यासारखं. झणकारा नव्हता. मी पुन्हा लावला, पुन्हा काढला. आबांना विचारलं, आजचं तांबं वेगळं आहे का. ते मान वर करून म्हणाले, "तांबं तेच शे, बाई." तेवढ्यात युवराज माझ्या पाठीमागून फिरून समोर आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो केव्हापासून मला मागून हाका मारत होता.

दुसऱ्या दिवशी तो मला धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथल्या बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोनच लावला आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. मी मांडीवर हात ठेवून वाट बघत बसले. काचेतून त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मला वाटलं, अजून सुरूच झालं नसेल. मग त्यांनी दार उघडून मला पाणी दिलं आणि मला सगळं समजलं. डॉक्टर म्हणाले, मागांच्या आवाजाने हळूहळू गेलंय, दोन्ही कानांचं. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. तुम्ही ओठांवरून बोलणं वाचता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, तुमच्या स्वतःच्याही नाही. मी खूप घाबरले गं. बाबा गेले तेव्हा मी घाबरले नव्हते, तेव्हा तू जवळ होतीस. यंत्र मिळेल, सवय व्हायला वेळ लागेल, पण समोरच्याचंच काय, फोनवरचंही येईल असं ते म्हणालेत. माप देऊन झालं आहे. आणायलाही युवराज बरोबर येणार आहे.

हे सगळं मी फोन करून सांगू शकले नाही, कारण फोनच मला ऐकू येत नाही, साक्षी. गेल्या पावसाळ्यापासून तुझा आवाज येतो, पण त्यातून शब्द निघत नाहीत. मी मोबाईलला दोष दिला, दोनदा दुरुस्तीला टाकला. मेसेजच्या आदल्या संध्याकाळी तू फोनवर मला नोकरीचं सांगत होतीस. तू आनंदात आहेस एवढं मला आवाजाच्या चढउतारावरून कळत होतं, कशाच्या ते कळत नव्हतं, म्हणून मी नुसतं "हं, बघू" म्हटलं आणि जेवलीस का विचारलं. नोकरीची बातमी मला तुझ्या मेसेजमधून समजली, आणि तोवर तू मला रागावलेली ठरवून मोकळी झाली होतीस. फोनवरचे शब्द कळत नाहीत हे आधी कधी तरी तुला सांगायला हवं होतं असं आता वाटतं, पण सांगितलं असतं तर तू सगळं टाकून माझ्याजवळ येऊन बसली असतीस, आणि न सांगूनही तू तेच करायला निघालीस. तसं करू नकोस. मी एकटी आहे, पण अडलेली नाही. तू ही नोकरी घे, आजच कळव. यंत्र येईपर्यंत चेहरा उजेडात धरून व्हिडिओ कॉल कर, मी वाचून घेईन. आणि कधी स्टेशनवर घाईत असलीस तर नुसता फोन कर. मी इतके महिने "हं" म्हणत राहिले ते तू फोन ठेवू नयेस म्हणून. मला एक शब्द कळणार नाही, तरी तू बोलत राहा.

तुझीच,
आई