मध्यरेषेच्या उजवीकडे

२ फेब्रुवारी, रविवार. लातूर

मावशीला चित्र दाखवलं. तिनं पदर तोंडावर धरूनच पाहिलं. मग म्हणाली, "ही कोन गं?"

चित्र तिचंच होतं! सहा रविवार तिला समोर बसवून, चौकटी आखून, प्रत्येक माप दोनदा तपासून काढलेलं. फक्त जिवणी मी सरळ केली होती. रत्नम्मामावशीच्या तोंडावरून वारं गेलं त्याला अकरा वर्षं झाली. जिवणी उजवीकडे ओढलेली, डावा डोळा पुरता मिटत नाही. तेव्हापासूनच्या लग्नांच्या अल्बममध्ये ती एक तर पाठमोरी, नाही तर नाकापर्यंत पदर. आणि मी मध्यरेषा आखली नि दोन्ही बाजू सारख्या करून टाकल्या. ऑफिसात नकाशावर खांब ओळंब्यात आणते तशा.

मला तो चांगुलपणा वाटला. तिला वाटलं, हिला माझं तोंड नको आहे. बरोबर तिचंच.

३ फेब्रुवारी. नांदेड

कॅनव्हास फाडला नाही. वरून पांढरा हात दिला. प्रदर्शनाचे अर्ज २८ तारखेपर्यंत. पंचवीस दिवस. या वेळी पट्टी, कंपास, चौकटी — काहीही नाही.

६ फेब्रुवारी

जमत नाही. ओठ वाकडा काढला की व्यंगचित्र होतं. तीनदा खरवडलं.

८ फेब्रुवारी

कारण सापडलं. तुळई वाकलेली दिसली की नुसता बाक मोजून भागत नाही, वरचा भार शोधावा लागतो. मी नुसता बाक काढत होते.

संध्याकाळी आरशासमोर उभी राहिले. जिवणी उजवीकडे ओढून धरली, डावा डोळा ताणून उघडा ठेवला. चार मिनिटांत गालात कळ आली, डोळ्याला पाणी. मावशीची अकरा वर्षं! तोंड तसंच धरून, आरशात बघत रंगवायला घेतलं. ब्रश बाजूला. सुरीनं.

१२ फेब्रुवारी

आरती, माझ्या खोलीतली, अर्धापूरहून केळीची फणी घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, ही बाई रडून राहिली का हसून राहिली? मी म्हटलं, तोंड मिटायला बघतेय, मिटत नाही. आरती चित्राकडे पाठ करून जेवली.

चांगली खूण आहे.

१६ फेब्रुवारी

झालं. कपाळ शेवाळी. विभूतीचे तीन पट्टे ओले असल्यासारखे ओघळलेले. मान असते त्याच्या दीडपट. उघडा डोळा मुठीएवढा. एकही माप खरं नाही, आणि एकही रेघ हलवता येत नाही.

रंगवताना मधेच आईचं आठवलं. मार्चमध्ये दोन वर्षं होतील. आमच्यात माणूस गेलं की बसवतात, सजवतात. आईची मान सारखी कलत होती. म्हणून मागे उभी राहून मी डोकं दोन्ही हातांनी सरळ धरलं. लोकांचं दर्शन होईपर्यंत, दोन तास. रडले नाही. नातेवाईक अजून म्हणतात, दगड आहे पोरगी. म्हणोत. कोणी तरी धरायला हवं होतं.

यात चित्राचा संबंध नाही. उगीच लिहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. लातूर

चित्र नकाशांच्या कागदात गुंडाळून एसटीनं नेलं. महांतेशदादानं, मावशीच्या मुलानं, पाहिलं आणि आधी रस्त्याकडचं दार लोटून घेतलं. शिवांगीला, त्याच्या धाकट्या बहिणीला, उदगीरचं स्थळ आलंय. पाहुणे काय म्हणतील, तोंडं घराण्यातच वाकडी आहेत म्हणतील! वर असंही म्हणाला — "आईचं तोंड भिंतीला टांगून तुला बक्षीस पाहिजे, इंजिनेरबाई?"

बक्षीस हवं आहे, हेही खरं आहे.

मावशी पदराआडून बघत राहिली. हो नाही, नाही नाही. निघताना एवढंच म्हणाली, ठेवून जा इथं.

ठरवलं आहे. दादा नको म्हणाला तरी पाठवीन. मावशी नको म्हणाली तर नाही. चेहरा तिचा आहे.

२४ फेब्रुवारी. नांदेड

तिचा फोन नाही. मीही केला नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र. लातूर

घरचे सगळे सिद्धेश्वराच्या जत्रेला. मावशी एकटी. चित्र देवघरासमोर भिंतीला टेकवलेलं. पदर खांद्यावर होता. तोंड उघडं — पूर्ण! सहा रविवार समोर बसली तेव्हाही मी सांगितल्याशिवाय पदर काढायची नाही.

ती चित्राशेजारी जाऊन बसली. म्हणाली, "नीट बघ. माझं तोंड कुनीकडं गेलंय? अन् हिचं?"

दोघींच्या जिवण्या एकमेकींकडे ओढलेल्या! तिची उजवीकडे, चित्रातलीची डावीकडे. आरसा. मी आरशात दिसलं तसं रंगवत गेले, बाजू उलटी पडली. इतके दिवस रोज समोर ठेवून माझ्या लक्षात आलं नाही. मापं सोडली की असं होतं. स्वतःचा इतका राग क्वचित येतो. म्हटलं, दोन दिवस दे, नीट करून आणते.

"हात लावू नको," म्हणाली. "ही मी न्हाईच. म्हांतेशला काय बोलायचंय त्यात? खुशाल लाव."

मग आणखी एक गोष्ट म्हणाली. ती लिहीत नाही.

२८ फेब्रुवारी. नांदेड

अर्ज दिला. चित्राच्या नावाच्या रकान्यात 'रत्नम्मा' लिहिलं होतं. ते खोडून 'स्वतः' लिहिलं. शेजारी छोटी सही करावी लागली.

मावशी परवा म्हणाली ते हे — "अक्काचं डोकं धरून मागं हुभी हुतीस, तवा समदे अक्काकडं बघून राहिले हुते. मी तुज्याकडं बघत हुते. असंच हुतं तुजं तोंड."