सीडर फोर्कची घंटा

नोव्ही मिल, नेब्रास्का
५ ऑक्टोबर १९८६

प्रिय ट्रूडे,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लिंकनच्या वसतिगृहातलं जेवण एवढं वाईट असेल तर आत्याला कळव. ती खसखशीचे कोलाचे, ते आपले गोड पाव, पाठवायला टपूनच बसली आहे. इकडे मका काढायला आलाय. बाबा दिवसभर यंत्रावर, आणि मी डॉक्टर ब्रांड्टबरोबर गोठ्यागोठ्यांतून हिंडते. काल एका गाईनं मला शेणात लोळवलं. डॉक्टर म्हणाले, झालीस तू जनावरांची डॉक्टर, आता कॉलेजचा शिक्का तेवढा राहिला.

त्या शिक्क्याचंच लिहायचं आहे. पशुवैद्यक कॉलेजच्या अर्जात स्पष्ट विचारलंय की तुम्हाला कधी अटक झाली होती का, आणि नोंद पुढे पुसली गेली असली तरी सांगा. झाली होती ना बाई! तुझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत?

आता आपल्या गावात कुणी त्याला चोरी म्हणेल का सांग. दरवर्षी शेजारच्या सीडर फोर्कवाल्यांनी आपल्या शाळेची घंटा पळवायची, आपण त्यांची, आणि शनिवारच्या फुटबॉल सामन्यात घासून लखलखीत करून परत द्यायची. बाबांनी पळवली, आत्यानं म्हणजे तुझ्या आईनंही पळवली. नेमका आपल्याच वर्षी तो बाहेरगावचा नवा पोलीस आला आणि त्यानं मला ट्रकपाशी धरलं. घंटेचा दोर तुझ्या हातात होता, पण तू कुंपणावरून हनुवटीवर आपटलीस आणि मक्यात पसार झालीस. डॉक्टरांनी गाईचा दोरा वापरून तुला टाके घातले, ते आठवून अजून हसू येतं. मी एकटीच होते असं मी सांगितलं, आणि न्यायाधीशांनी मला उन्हाळाभर सीडर फोर्कच्या मैदानाचं गवत कापायला लावलं.

बाबा म्हणतात, नाही म्हणून लिही, कोण बघायला येतंय! पण मला खोटं लिहवत नाही. आणि भीतीही वाटते. आपल्या राज्याच्या वाट्याला तिथे मोजक्याच जागा, त्यात अर्ज आपण दोघींनी केलेला. मला दुसरं काही येत नाही गं. यंदा नाही झालं तर बाबा मला धान्याच्या कोठारावर कारकुनीला लावणार. तुझा सल्ला हवा आहे.

आहे तो लोभ वाढता राहू दे.
तुझी,
लिडा

---

लिंकन
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय लिडे,
स. न. वि. वि.

एवढी काय घाबरतेस? ज्या मुलीनं वळूच्या तोंडात हात घातला ती एका प्रश्नाला भिते! खरं तेच लिही. इथले मार्गदर्शक म्हणतात की अशी लहानसहान अटक कॉलेजला चालते, लपवलेली चालत नाही. मामाचं मुळीच ऐकू नकोस.

मात्र एक कर. माझं नाव घालू नकोस. तुला एकटीला झळ लागायची ती लागून गेली, आता दोघी कशाला भाजून घ्यायच्या? तेव्हा एकटी होते म्हणालीस, तेच पुढे चालू दे. मग बघ, आपण दोघी एकाच खोलीत राहू आणि तुझं घोरणं मी सहन करीन.

माझा निबंध मात्र अडलाय. प्रामाणिकपणाची कसोटी लागली असा स्वतःचा प्रसंग लिहा म्हणतात. माझ्या आयुष्यात असं काय घडलंय कपाळ!

मामा-मामींना नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच असू दे.
तुझीच,
ट्रूडी

---

लिंकन
१८ जानेवारी १९८७

प्रिय लिडे,
स. न. वि. वि.

मुलाखतीचं बोलावणं दोघींना आलं, आईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला. मी इथूनच परस्पर जाईन, तू वाट पाहू नकोस. निबंधाचं तू तिसऱ्यांदा विचारलंस. त्यात विशेष काही नाही, जमला एकदाचा. घाईत आहे.

लोभ असतोच.
ट्रूडी

---

नोव्ही मिल
९ फेब्रुवारी १९८७

ट्रूडी,

मुलाखत झाली. टेबलापलीकडे तिघे होते. गाईच्या बाळंतपणाचं विचारलं तोवर मी धडाधड बोलत होते. मग त्यातल्या बाईंनी फार मायेनं विचारलं की बहीण ट्रकच्या दारात आडवी उभी राहून विनवत होती, तरी मी का ऐकलं नाही? शेजारचे गृहस्थ खोकले, बाईंनी पान उलटलं. पण तुझ्या निबंधात काय आहे ते मला कळलं. एकाच गावातून दोन अर्ज आणि दोन्हींत तीच घंटा!

तू आडवी उभी राहिलीस? तू? तू तर कुंपणावर चढून मला भित्री म्हणत होतीस!

बोलावं तर माझ्याच अर्जात मी एकटी होते असं लिहिलेलं, तुझ्या सांगण्यावरून. गप्प बसावं तर सख्ख्या बहिणीसारख्या मुलीचंही न ऐकणारी चोर. दोन्हीकडून बांधून ठेवलंस मला, आणि वर घोरण्याची थट्टा केलीस. परत येताना बसमध्ये मी रडले. अटक झाली त्या रात्रीही रडले नव्हते.

हे खोटं आहे, मी असं लिहिलंच नाही, एवढंच लिहून पाठव. मी विश्वास ठेवीन.

लिडा

---

लिंकन
१६ फेब्रुवारी १९८७

प्रिय लिडे,

रागावू नकोस. त्यात तुझं नाव कुठेही नाही, फक्त मामेबहीण असं लिहिलंय. आणि विचार कर, तुझी अटक तर तू स्वतःच सांगणार होतीस, मग माझ्या लिहिण्यानं तुझं आणखी काय बिघडलं? दोघी बाहेर राहण्यापेक्षा घरातली एक तरी आत गेली तर काय वाईट? आईला यातलं काही कळू देऊ नकोस, तिचं काळीज नाजूक आहे.

पूर्वीसारखी माया असू दे.
तुझी,
ट्रूडी

---

नोव्ही मिल
१४ मार्च १९८७

ट्रूडी,

तुझ्या प्रवेशाचं कळलं. आत्यानं येत्या शनिवारी बदक भाजायचं ठरवलं आहे, सगळ्या गावाला आमंत्रण आहे. तिला मी काही बोललेले नाही.

मला कॉलेजनं अजून होय-नाही कळवलेलं नव्हतं, प्रतीक्षा यादीत ठेवलं होतं. परवा मी त्यांना पत्र टाकलं. माझ्या अर्जात एक गोष्ट खोटी आहे, त्या रात्री घंटा पळवताना मी एकटी नव्हते, दोर दुसरीच्या हातात होता, एवढंच लिहिलं. नाव लिहिलं नाही. बाबा म्हणाले, स्वतःच्या हातानं यादीतून नाव खोडलंस. हो, खोडलं. सोमवारपासून कोठारावर जाते आहे. डॉक्टर ब्रांड्टना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हातच धूत राहिले. शनिवारी जेवायला तेही येणार आहेत. तुझ्या हनुवटीवरचे टाके त्यांचेच आहेत, समोर बसतील तेव्हा नीट बघून बोल.

कॉलेज आता तुला विचारील की दुसरी कोण होती. काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

शेवटी लोभाचं लिहायला हात सवयीनं गेला होता, तो मागे घेतला. आपल्या गावात पळवलेली वस्तू घासूनपुसून परत देतात. तू पळवलेलं माझं नाव अजून तुझ्याकडे आहे.

लिडा वोंड्राक