कोणता हनन्या

९ जानेवारी १९४४, रविवार
पोराचं नाव ठरवलं. हनन्या. शास्त्रातला, दिमिष्क शहरचा साधा माणूस. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या, आंधळ्या झालेल्या शौलावर हात ठेवला आणि त्याला भाऊ म्हणाला. आमच्या बापाला गावात कुणी कधी भाऊ म्हटलं नाही, म्हणून हे नाव मला फार आवडतं. बाप्तिस्मा २३ ला. पाळकसाहेब कळंबहून येणार. सगुणा नुसतं 'बरं' म्हणाली. पहिल्या दोघांची नावं ठरली तेव्हा खुशीनं हसली होती.

१२ जाने.
फसलो. संध्याकाळच्या वाचनात नेमका दुसरा हनन्या निघाला. जमीन विकून पैसे दडवले, प्रेषित पेत्रापुढं खोटं बोलला आणि जागीच पडून मेला. सगुणाच्या हातातलं सूप खाली आलं.
"दोन लेकरं पुरली. आता तिसऱ्याला पडून मेलेल्याचं नाव देता व्हय?"
नाव तेच, माणूस निराळा, असं समजावलं.
"मरणाला काय कळतंय निराळा?"
मी शास्त्र मिटून ठेवलं.

१३ जाने.
शाळा सुटल्यावर शास्त्र धुंडाळलं. आणखी निघाले. एक भट्टीतून वाचलेला, तो चांगला. एक खोटा संदेष्टा, देव परक्या राजाचं जोखड मोडणार म्हणून हमी दिली आणि त्याच वर्षी गेला. एक मुख्य याजक, पौलाला, म्हणजे त्याच शौलाला, थोबाडायला लावणारा. डोकं भणाणलं. बदलावं का? पण पहिल्या दोघांची, शमुवेल आणि दानीएल, ही तर थोरांचीच नावं होती. दोघांनीही वर्ष पाहिलं नाही.

१६ जाने.
सासूबाई ईटहून आल्या. लेकीकडून सगळं ऐकून घेतलं, मग तंबाखू मळत मला म्हणाल्या, "जावईबापू, त्यो मेलेलाच मनात धरा. चांगल्याला नजर लागती. माजी तीन गेली, मग चौथ्याला दगडू म्हनलं. आज औत हाकतोय."
दगडू-धोंडू ठेवून मरण फसत नाही, असं मी वर्गात शिकवतो. सगुणा मात्र बाळंतपणानंतर आज प्रथमच पोटभर जेवली. मला राग आला. कुणाचा, ते अजून कळत नाही.

२० जाने.
पोराला ताप. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर जिल्ह्याच्या तालुकदारांच्या दौऱ्याबरोबर गेलेले. सगुणा पाजताना म्हणते, "हनन्या, लबाडा, पी की रं." म्हणजे तिनं तो खोटं बोलून मेलेला निवडला. मी दिमिष्कवाल्याचं नाव घेऊन प्रार्थना करतो. एका पोराला दोघं दोन बाजूंनी ओढतोय. देवाला तरी काय कळत असेल.

२३, रविवार
ताप आहेच, तरी नेलं. पाणी हातात घेऊन पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणता हनन्या, मास्तर?" सगुणा माझ्याकडं बघत होती. सासूबाई जमिनीकडं. दिमिष्कचा म्हटलं तर हिचा धीर सुटेल, दुसरा म्हटलं तर पाळकसाहेब काय म्हणतील...
"शास्त्रातला," म्हणालो.
साहेब हसले. पाणी शिंपडलं. पोर रडलंसुद्धा नाही, त्याचीच भीती वाटली.

२४ जाने., सकाळ
अंग तसंच तापलेलं. सगुणाचा आत्ताच डोळा लागलाय. पोर माझ्या मांडीवर. कपाळावर हात ठेवला, दिमिष्कवाल्यानं ठेवला तसा. प्रार्थना म्हणायची होती. तोंडून निघालं, "लबाडा, दूध पी."
त्यानं डोळे उघडले. बोंडल्यातलं थोडं प्यायला, थोडं ओघळलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.
मी पुन्हा म्हणालो, लबाडा.