न काळवंडणारे पैंजण

चौक,
ता. ५ एप्रिल १९७९

तीर्थरूप दादा यांस,

नागूचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल असं समजतो. ऊन फार. शेजारच्या गॅरेजवाल्याने आता माझ्या दुकानापुढेच ट्रक उभे करायला सुरुवात केली आहे. रस्त्यावरून माझी पाटी दिसत नाही. सांगून सांगून तोंड दुखलं.

पाडव्याला पाठवलेली नवी चांदी मिळाली. तुमच्या रिफायनरीतले साहेब म्हणतात, तांबं कमी करून जस्त आणि आणखी काहीबाही घातलंय, ही काळी पडत नाही. नसेल पडत. पण तिचं काही बनायला तर हवं! आपली नेहमीची चांदी लाल करून पाण्यात बुडवली की कशी मऊ होते. ही पाण्यात गेली की टच्‌ असा आवाज येतो आणि पट्टीला सरळ चीर. ठोकायला घ्यावी तर कडा फाटतात. तार ओढावी तर मध्येच तुटते. कड्या जोडायला बसलो, तर सांध्याचा डाख वितळायच्या आधी कडीच मेणासारखी खाली बसली. आबांनी कान पिळून शिकवलेलं सगळं हिच्यापुढे फुकट. काल चिडून चिमटा भिरकावला, तो दारातल्या कुंडीवर. आता कुंडीही फुटली आणि जयाची आई गौराही बोलत नाही.

काळी पडत नाही हे मात्र खरं दिसतंय. खात्री करायला मी डब्यात उकडलेल्या अंड्याचा बलक ठेवला आणि त्यावर आपल्या चांदीचा तुकडा आणि तुमच्या चांदीचा तुकडा शेजारी शेजारी. आपला काळा ठिक्कर झाला. तुमचा नुसता पिवळसर, धोतराला पुसला की पुन्हा पांढरा. सोवळ्याच्या घरात अंडं आणलं म्हणून गौराने ते पातेलंच बाहेर ठेवलं. जया हसली. पुष्कळ दिवसांनी.

जया इथेच आहे. दिवाळीला माहेरी आली ती अजून. तुम्ही पत्रात तिचं काही विचारत नाही, म्हणून आपणहून लिहितो. लग्नात मी घातलेले पैंजण सासरी महिनाभरात काळे पडतात. मी पुन्हा उजळून देतो, पुन्हा काळे. विहीणबाई सगळ्या भावकीत सांगतात, पोरीच्या अंगातच दोष आहे, चांदी तिला मानवत नाही. सोनाराच्या कुळातली बाई अशी बोलते याचं नवल वाटतं. पण त्यांची भट्टी जयाच्या सासऱ्यांच्या आधीच विझली, जावई भिवाजी कारखान्यात फिटर. विसरले असतील. जावई न्यायला आलेले नाहीत. उन्हाळ्याचं काम असेल.

म्हणून मला ही चांदी जमायलाच हवी, दादा. एकदा पांढरे शुभ्र राहणारे पैंजण तिच्या पायात घातले की कुणाला बोलायला तोंड उरणार नाही. साहेबांना विचारून लगेच कळवा, हिला किती तापवायची, थंड कशी करायची, डाख कोणता लावायचा. मी इथे तुकडे मोडत बसलो आहे आणि गावात विचारतात, जया किती दिवस राहणार.

आपला,
नागू

चौक,
ता. २७ मे १९७९

दादा,

नमस्कार. पुढचं सगळं एका बैठकीत लिहितो, नाहीतर मी ते लिहिणारच नाही.

साहेबांचा निरोप तुम्ही कळवलात, तो अगदी बरोबर निघाला. लाली पूर्ण जाईपर्यंत हवेत ठेवायची, मगच पाण्यात. आच कमी, आणि डाख लवकर वितळणारा. माझा हात आच कमी ठेवायला तयार होईना, इतक्या वर्षांची सवय. शेवटी फुंकणी जयाने घेतली. ती हळू फुंकते, घाई करत नाही. मी कड्या धरल्या, तिने डाख दिला. एकही कडी वितळून बसली नाही. पैंजण झाले. तिने ते घरी घालून पाहिले, घामात, राखेत, भांडी घासताना. जसेच्या तसे पांढरे. मला इतका आनंद झाला की गॅरेजवाल्याच्या माणसांनाही मी चहा पाजला.

मग परवा पैंजण रुमालात बांधून एकटाच तिच्या सासरी गेलो. एसटीतून उतरलो की कारखान्याचा तो वास, नासक्या अंड्यासारखा. माझ्या डब्यातला वास, दादा! मी तिथेच उभा राहिलो. तरी वाटलं, आता काय, आपल्याकडे इलाज आहे.

विहीणबाईंनी पाणी दिलं. पैंजण उलटसुलट पाहिले. म्हणाल्या, "काम चांगलं हाय." मी म्हटलं, "हे काळे पडत नाहीत. जावयांना पाठवा जयाला न्यायला." त्यांनी पैंजण पुन्हा रुमालात बांधून माझ्यापुढे ठेवले. मी देवाला नमस्कार करायला आत गेलो. देवघरातले चांदीचे टाक सगळे काळे. खंडोबाचा घोडा कुठला आणि देव कुठला ते ओळखू येईना. बाहेर येऊन पाहतो, तर विहीणबाईंच्या कमरेचा किल्ल्यांचा छल्ला, तोही काळा.

मी विचारलं, "विहीणबाई, हे कशानं झालं?"

"इथली हवाच तशी हाय," त्या सहज बोलून गेल्या.

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं.

"मग जयाच्याच अंगात दोष कसा?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. शेजारच्या बायका दारात आल्या.

तेव्हा त्यांनी आडपडदा सोडून दिला. म्हणाल्या, "पैंजणाचं काय घेऊन बसलात? आज पांढरी चांदी आणलीत, उद्या तिची कूस उजवायला काय आणाल? तीन वर्षं वाट बघितली आमी. भिवाजीचं दुसरीकडं ठरतंय. तुमच्या थोरल्या सखारामभाऊंना तर होळीलाच सांगितलं. भिवाजी सोता त्यांच्या घरी जाऊन आला. त्यांनी तुमाला सांगितलं नाय?"

होळीला, दादा.

पाडव्याची चांदी तुम्ही होळीनंतर पाठवलीत. साहेबांचा निरोप त्याच्याही नंतर. म्हणजे मी इथे तुकडे मोडत होतो, तुमच्या पत्राची वाट पाहत होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं की पैंजण कसेही झाले तरी तिला कुणी नेणार नाही. तुम्ही मला आच किती ठेवायची ते कळवलंत. एवढंच कळवलंत.

स्थळ तुम्ही आणलंत, तेव्हा मी चौकशीही केली नाही. दादाने पाहिलंय, म्हटलं. त्याचा राग मी धरत नाही. माणसं पुढे कशी निघतील हे कुणाला सांगता येत नाही. पण होळीपासूनचं तुमचं गप्प राहणं मला गिळता येत नाही. लाज वाटली असेल. भिवाजीला समजावू, तोवर कशाला सांगा, असं वाटलं असेल. मी तुमच्या बाजूने पुष्कळ कारणं शोधली, एसटीत बसून तेच करत होतो. एकही पुरलं नाही.

घरी आलो तर जया ओसरीवर तांदूळ निवडत होती. कसं सांगावं ते कळेना. मीच रडकुंडीला आलो. तिने सूप बाजूला ठेवलं.

"बाबा, मला माहीत हाय," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधीच सासूबाई म्हणाल्या होत्या, आता परत आली नाहीस तरी चालंल."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी किती जोरात कामाला लागला होता. घरात सगळी मान खाली घालून बसलेली, तुमी एकटेच काहीतरी करत होता. मला बरं वाटायचं बघून."

"आणि आता?"

"आता मी जाणार नाय. त्यांनी पालखी पाठवली तरी. माझी ट्रंक तेवढी आणायची. आणि ते पैंजण विका, मला नकोत."

गौरा आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "ट्रंक आणायला मी जाते तिच्याबरोबर. तुमी आलात तर भांडाल." आणि काल खरंच दोघी गेल्या. ट्रंक, शिवणाचं मशीन, सगळं टेंपोत घालून आणलं. विहीणबाई घरातून बाहेर आल्या नाहीत. भिवाजीने मशीन उचलून टेंपोत ठेवायला हात लावला, म्हणे. जयाने त्याला "राहू द्या" म्हटलं आणि गौराबरोबर स्वतः उचललं.

पैंजण लोधिवलीच्या बायजाने नेले, मुलीच्या लग्नासाठी. तिच्या जावेलाही तसेच हवेत. आज सकाळपासून जया फुंकणी घेऊन बसली आहे. मी कड्या धरतो. गावात काय बोलतात ते तिला ऐकू येतं, मलाही येतं. आज पाणी भरताना कुणीतरी काही बोललं असावं, घागर आदळूनच आत आली. तरी कामाला बसली.

चांदी आणखी लागेल. पण ती ट्रान्सपोर्टच्या माणसाबरोबर पाठवू नका. स्वतः घेऊन या. इथे ओसरीवर जयासमोर बसा आणि होळीला कळलं तेव्हा का बोलला नाहीत, ते तिला सांगा. मला सांगू नका. ती विचारेल ते विचारेल, तुम्ही उत्तर द्यायचं. मी मध्ये बोलणार नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांनाही माहीत होतं का, हे मी विचारत नाही.

या पत्राखाली 'आपला' लिहायचं आज होत नाही. तुम्ही येऊन गेलात की लिहीन.

नागू