बावीस दिवसांची हजेरी

नाशिक,
ता. १० मार्च १९८१

प्रिय चांगुणा,

सप्रेम जयभीम. तब्येत कशी आहे ते विचारत नाही. रजेच्या अर्जात तू आजारी असशील, पण रविवारी मनमाडच्या गाडीत चढताना चांगली ठणठणीत होतीस, आपल्या वॉर्डातल्या रंगूबाईनं पाहिलंय. सोमवारी आपल्या दवाखान्याच्या गेटवर युनियनची सभा आणि आदल्या दिवशी तू माहेरी पळालीस. वा गं वा! कायम झालेल्या आया पन्नासाच्या वर, आल्या किती? सात. बाकी आम्ही बदलीवरच्या अकराजणी, दंडाला काळ्या फिती बांधून. आपला सेक्रेटरी जयराम घसा फाटेस्तोवर ओरडत होता, आणि दवाखान्याचे साहेब वर खिडकीत उभे राहून चहा पीत आमची डोकी मोजत होते. अस्सा संताप आला म्हणून सांगू! साहेबांचा आलाच, पण तुझा जास्त आला.

शुक्रवारी कराराची शेवटची बोलणी आहेत. पगारवाढ साहेबांनी कबूल केलीय, म्हणून कायमवाल्या घरी बसल्यात. त्यांचं झालं ना! अडलंय ते आमचं. वर्षानुवर्षं बदलीवर राबणाऱ्या बायांना कायम करा, एवढंच. साहेब जयरामला तोंडावर म्हणाले, या अकराजणींसाठी करार अडवून धरू का, यांच्या मागं आहे कोण? आता गुरुवारी पुन्हा सभा आहे. तीही अशीच झाली तर आमची मागणी गेली, आणि पुढचा करार तीन वर्षांनी. मला नऊ वर्षं झाली बदलीवर, चांगुणा. अजून तीन काढायची ताकद नाही माझ्यात.

सकाळी साडेसहाला बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर उभं राहायचं, ते विसरलीस का गं इतक्यात? सिस्टर यादी घेऊन येणार, कोणी आली नसेल तर तिच्या जागी आपल्यातली एखादी आत. नाहीतर भरलेला डबा घेऊन माघारी. मग आपण दोघी गंगेवर, गोदेच्या घाटावर बसून तो खायचो आणि त्या मेल्या यादीला शिव्या घालायचो. पाच महिन्यांपूर्वी तुला कायम केल्याचा हुकूम आला, तेव्हा मी तुझ्याहून जास्त रडले. तू म्हणालीस, लंके, तुझं काम होईपर्यंत मी गप्प बसायची नाही. चांगली बोललीस की! सभा आली तशी थेट मनमाड गाठलंस. जनाची नाही तर मनाची तरी?

काल दिवसभर तुझा उद्धार केला. आज दुपारी साहेबांनी मला बोलावलं आणि मग सगळा उलगडा झाला. टेबलावर गेल्या वर्षीचा हजेरीपट उघडा होता. तुझ्या टायफॉईडचे बावीस दिवस. तू घरी अंथरुणाला खिळलेली, आणि सिस्टरनी माझं नाव घेतलं तरी हजेरीपटावर मी तुझं नाव दाखवत होते, तुझी सही करत होते. सही मीच शिकवली होती तुला, मला काय अवघड? राबत होते मी आणि कायम व्हायला लागणारे दिवस भरत होते तुझे. ते भरले म्हणून तू कायम झालीस, माझे तेवढेच कमी पडले. यावर आपण कधी बोललो नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? कधीकधी वाटतं.

कोणी चुगली केली कोण जाणे. साहेब म्हणाले, या सह्या चांगुणाच्या नाहीत असं लिहून दे, उद्याच तुला कायम करतो. आणि हसत म्हणाले, तिलाही सांगून ठेवलंय, गेटवर दिसलीस तर हा हजेरीपट बाहेर काढीन.

म्हणजे म्हणून पळालीस तू. घाबरलीस, ते मी समजू शकते. दोन लेकरं आहेत तुझ्या पदरात. पण तुला वाटलं, लंका फुटेल! नोकरी दिसली की लंका तुझं नाव घेईल! सभेला आली नाहीस ते मी एक वेळ विसरेन, हे कसं विसरू? एवढीच ओळखलीस मला? मी साहेबांना लिहून दिलंय की सह्या तुझ्याच आहेत, माझ्या डोळ्यांदेखत केलेल्या. त्यांनी तिथल्या तिथं यादीतून माझं नाव खोडलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. चुगलीला पुरावा माझ्या जबाबाचाच होता, तेव्हा आता तुझ्याविरुद्ध बोलणारं कोणी उरलेलं नाही. माझ्या बाजूनं बोलायला कायमवाल्यांपैकी कोणी तरी हवी, आणि मी तुझ्याशिवाय कोणाच्या तोंडाकडे बघू? टपाल वेळेत पोचणार नाही, म्हणून हे पत्र माझ्या दिराच्या, भिमाजीच्या हाती देतेय. तो उद्या मनमाडला कामावर येतोय. गुरुवारी सकाळी नऊला गेटवर ये. आलीस की सगळ्यांदेखत तुझ्या एक थोबाडीत ठेवून देणार आहे. ती खा, आणि माझ्या शेजारी उभी राहा.

एवढं होऊनही तुझीच,
लंका