नानांनी निंदलेली बाग

देवपूर, धुळे
२० ऑक्टोबर

ती. कुंदाअक्का,

तुझ्या गुडघ्यांना आणि दाजींच्या खोकल्याला आधी नमस्कार, मग तुम्हा दोघांना. आम्ही ठीक आहोत. (मोबाईलवरच कळवलं असतं, पण तो तू पिठाच्या डब्यावर ठेवून विसरतेस.)

तर बागेची हकिकत. विकतची शेवंती दरसाल आमच्या उन्हात माना टाकते, म्हणून यंदा सुलक्षणाने ठरवलं, शरदात फुलणारी आपल्याच मुलखातली झाडं लावायची. चोपड्याच्या बाजारात मध विकायला येणारा तुमचा तो तेरसिंग, त्याच्याकडून जूनमध्ये तेरड्याचं आणि कुर्डूचं बी आणलं. कुंपणाला तरवड लावली. शेजारच्या बेबाबाई रोज विचारायच्या, तुम्हाला गवत काढायला माणूस मिळत नाही का. पण नवरात्रात कुर्डूचे गुलाबी तुरे असे डुलायला लागले, की त्याच बेबाबाई फोटो काढायला फाटकाशी आल्या. (मी मुद्दाम केस विंचरून मधे उभा होतो. फोटोत मी नाही.)

दसऱ्याच्या तीन दिवस आधी सोनगीरहून माझे सासरे, पुनानाना, आले. त्यांना घरी ठेवून आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. (माझी दाढ.) दोन तासांनी परतलो, तर नाना ओट्यावर घाम पुसत बसलेले आणि समोर नुसती काळी माती. कुंपणाची तरवड तेवढी उभी. बाकी सगळी बाग फाटकाबाहेर ढीग होऊन पडली होती आणि बेबाबाईंची बकरी ती खात होती. ‘बठ्ठं साफ करी टाकं,’ नाना समाधानाने म्हणाले. ज्या माणसाने साठ वर्षं कपाशीतून कुर्डू उपटला, त्याला लेकीच्या दारात तोच पाहून लाज वाटली असणार.

सुलक्षणा चहा ठेवायला आत गेली, आणि तिचं मुसमुसणं बाहेर ऐकू आलं. नाना दाराशी जाऊन उभे राहिले. ‘पोरी, माले काय मालूम, तन बी कोनी लावस म्हनीसन?’ एवढं बोलून, चहा न घेता, ते परत निघाले. मी स्टँडपर्यंत मागे गेलो, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. मग दोन दिवस फोनही उचलला नाही.

दसऱ्याच्या सकाळी रिक्षातून उतरले, ते दोन पोती घेऊन. पोत्यांत त्यांच्याच बांधावरचा कुर्डू, मुळाच्या मातीसकट. कंडक्टरने काय माल म्हणून विचारलं, तर भरल्या एस.टी.त ‘लेकीची फुलं’ म्हणून सांगितलं म्हणे. मग सुतळी ताणून, कपाशीसारखा सरळ ओळीत, दीड दीड हातावर लावला. निम्मा सुकला, निम्मा धरला. बापलेक दुपारपर्यंत मातीत बसून होते. आपट्याची पानं वाटायला मी एकटाच फिरलो.

दाजींना जपायला सांग.

तुझा,
रुपचंद

ता.क. तेरडा मात्र बी धरायच्या आतच गेला. तेरसिंग भेटला की मूठभर बी घेऊन ठेव. मागणी नानांची आहे. दसऱ्यापासून ते इथेच आहेत. सासूबाई गेल्यापासून कुठे दोन रात्री टिकले नव्हते.

आणखी एक. दवाखान्यात निघताना ‘नाना, बसल्या बसल्या जरा गवत काढाल का’ म्हणून खुरपं मीच त्यांच्या हातात दिलं होतं. सुलक्षणाला हे ठाऊक नाही. नानांनी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ते नुसते माझ्याकडे बघतात, आणि मी पाण्याची झारी उचलतो.